हायब्रीड मोटार आणि घरची वीज

घरात वीज आली म्हणजे तिची सवय लागावयास फार दिवस लागत नाहीत. ती गेली म्हणजे मात्र आपली किती कामे तिच्यावर विसंबून होती, हे एका रात्रीत कळून येते. ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब हजारोंनी उन्मळून पडले व कित्येक गावांस त्यानंतरचे काही आठवडे अंधारात काढावे लागले. दिव्यावाचून माणसाचे अडत नाही. कंदील आहेत, मेणबत्त्या आहेत. परंतु मधुमेही माणसाचे इन्सुलिन ज्या शीतकपाटात ठेवावयाचे ते बंद पडले, किंवा दम्याच्या रोग्याचे प्राणवायूचे यंत्र थांबले, म्हणजे कंदिलाचा काय उपयोग? भ्रमणध्वनी निकामी झाले की गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंधच तुटतो. इन्व्हर्टर ज्यांच्या घरी आहे त्यांची एक रात्र निभावते. दुसऱ्या रात्री तोही थंड पडतो, कारण त्याची बॅटरी भरावयास वीजच हवी.

अशा वेळी ज्यांच्या अंगणात अलीकडच्या तऱ्हेची हायब्रीड मोटार उभी आहे, त्यांच्या मनात एक प्रश्न सहज येतो. ह्या गाडीत मोठी बॅटरी आहे, जनित्र आहे, टाकीत पेट्रोल आहे; मग हिच्यावर घर का चालू नये? हा प्रश्न पोरकट नाही. जपानात व अमेरिकेत लोकांनी तसे करून पाहिले आहे व ते साधलेही आहे. तथापि जे साधले ते काय व किती, आणि कोणत्या अटींवर, हे नीट समजून घेतल्यावाचून तारांस हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सबब ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

संकरित हा शब्द शेतकऱ्यास नवा नाही. ज्वारी, बाजरी व कापूस ह्यांच्या संकरित वाणांचा त्याला चांगला परिचय आहे. मोटारीतील संकर दोन शक्तींचा असतो. एक पेट्रोलचे एंजिन व दुसरी विजेची मोटर. गाडी उतारावर धावत असता किंवा ब्रेक दाबला असता जी शक्ती एरवी उष्णतेच्या रूपाने फुकट जाते, तिची वीज करून ती बॅटरीत साठवावयाची व चढावर अथवा गर्दीत हळू चालताना तीच वापरावयाची, ही त्यातील युक्ती होय. टोयोटा कंपनीची प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. हिंदुस्थानातही आता इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, होंडा सिटी इत्यादी गाड्यांत तो मिळतो.

येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवावा, कारण विक्रेते तो पुष्कळदा झाकून ठेवतात. 'माइल्ड हायब्रीड' किंवा 'स्मार्ट हायब्रीड' ह्या नावाने जी गाडी विकली जाते, तिच्यात साध्या गाडीस एक लहानसा पट्ट्यावर चालणारा मोटर-जनित्र व छोटीशी जादा बॅटरी जोडलेली असते. आमच्या कामी ती साध्या गाडीहून फारशी उपयोगी नाही. 'स्ट्राँग हायब्रीड' म्हणतात तिच्यात मात्र शेदोनशे व्होल्टची बॅटरी असते व एंजिन केव्हा सुरू करावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे हे गाडी स्वतः ठरविते. 'प्लग-इन' नावाचा तिसरा प्रकार आहे. त्याची बॅटरी बरीच मोठी असून ती घरच्या विजेवरही भरता येते. ह्यापुढे आम्ही हायब्रीड म्हणू ते दुसऱ्या प्रकारास उद्देशूनच.

बॅटरी मोठी म्हणजे किती, हे ऐकून पुष्कळांची निराशा होईल. इनोव्हा हायक्रॉसच्या मोठ्या बॅटरीत सुमारे १.३ युनिट वीज मावते. ग्रँड विटाराच्या बॅटरीत पाऊण युनिटाच्या आसपास. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी भरली असता तिच्यात १.८ युनिट असतात. म्हणजे पंचवीस-तीस लाखांच्या मोटारीतील बॅटरी ओसरीवरच्या बॅटरीहून लहानच! शिवाय गाडी ती पुरी रिकामी होऊ देत नाही. थोडा भाग वापरला की एंजिन सुरू करून ती पुन्हा भरून घेते.

आणि सारे मर्म ह्या शेवटल्या वाक्यातच आहे. हायब्रीड मोटारीचे महत्त्व तिच्या बॅटरीत नसून ती बॅटरी आपोआप भरण्याच्या व्यवस्थेत आहे. साधे पेट्रोलचे जनित्र घ्या. त्यावर तुम्ही एक दिवा लावा की दहा लावा, ते सुरू आहे तोपर्यंत घरघरत राहते व तासाला अर्धा लिटर तरी पेट्रोल पिते. रात्रभर एक पंखा व शीतकपाट चालवावयाचे तर ते रात्रभर चालले पाहिजे, शेजाऱ्यांची झोप मोडली तरी. हायब्रीड गाडी चालू स्थितीत उभी करून ठेवली असता एंजिन बहुतेक वेळ बंदच असते. घरातील लहानसा भार बॅटरी सोसते. ती उतरली की एंजिन काही मिनिटे चालते, बॅटरी भरते व पुन्हा शांत होते. एंजिन चालते तेव्हा ते ओझ्याखाली चालते, रिकामे फिरत नाही. म्हणून पेट्रोलही अंगी लागते.

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात मोठे हिमवादळ झाले. पावसाचे थेंब तारांवर व झाडांवर पडताच गोठत, त्यांच्या भाराने फांद्या मोडत व तारा तुटत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हार्वर्ड नावाच्या गावी एका गृहस्थाने आपल्या प्रियस गाडीस इन्व्हर्टर जोडून शीतकपाट, दूरदर्शन, लाकडाच्या शेगडीचा पंखा व काही दिवे तीन दिवस चालविले. एंजिन साधारण अर्ध्या तासाने एकदा सुरू होई. तीन दिवसांत पेट्रोल लागले सुमारे पाच गॅलन, म्हणजे आपले एकोणीस लिटर. दिवसाला सहा लिटरांच्या थोडे वर, असा हिशेब पडतो. ह्या गृहस्थाने कोणतीही नवी विद्या काढली नाही. गाडीत जे होते तेच विचारपूर्वक वापरले.

जपानी कारखानदारांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. टोयोटाची एस्टिमा हायब्रीड २००१ साली निघाली, तिच्यात घरातल्यासारखे १०० व्होल्टचे प्लग बसविलेले होते व त्यांवर दीड हजार वॉटपर्यंत भार चाले. (जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपली २३०, तिकडून आणलेल्या उपकरणांच्या बाबतीत हे विसरू नये.) सहलीस गेलेल्यांनी भात शिजवावा, चहा करावा, एवढाच हेतू तेव्हा असावा. परंतु ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानात भूकंप झाला, त्सुनामी आली, आणि त्या उद्ध्वस्त प्रदेशात ह्या गाड्यांचे प्लग फार उपयोगी पडले. ते पाहून कंपनीने तीच सोय प्रियस व इतर हायब्रीड गाड्यांतही देण्यास आरंभ केला, आणि आज जपानात लहानशा यारिस गाडीलाही ती मिळते. घरच्या अत्यावश्यक उपकरणांस भरलेल्या टाकीवर चार-पाच दिवस वीज पुरवावी, असा तेथील साधारण अंदाज आहे. मित्सुबिशीच्या आउटलँडर ह्या प्लग-इन गाडीत बॅटरी मोठी असल्यामुळे हा काळ आणखी वाढतो.

तथापि ह्या कौतुकाला मर्यादा आहे, आणि ती शेतकऱ्याने विशेषेकरून जाणावी. ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी होक्काइडो बेटावर भूकंप होऊन संपूर्ण बेटाची वीज एकाच वेळी गेली. सुमारे २९ लाख ५० हजार घरे अंधारात बुडाली. जपानातील निम्म्याहून अधिक दूध ह्या एका बेटावर निघते. वीज नाही म्हणून धारा काढण्याची यंत्रे थांबली, दूध थंड करण्याच्या टाक्या थांबल्या, दुग्धशाळाही थांबल्या. पुष्कळ शेतकऱ्यांस काढलेले दूध ओतून द्यावे लागले. गाईंच्या कासा तटतटून त्यांस दगडीचा विकार जडला तो वेगळाच. तेथे ज्यांची जनावरे तरली ती ट्रॅक्टरवर वा ट्रकवर आणलेल्या मोठ्या जनित्रांमुळे, मोटारीच्या प्लगामुळे नव्हे. दीड हजार वॉटांवर माणसाचे घर चालते, गोठ्याचा कारखाना चालत नाही.

अमेरिकेत ह्याहून मोठ्या ताकदीचा प्रयोग झाला आहे. फोर्ड कंपनीने एफ-१५० ह्या मालवाहू गाडीचा हायब्रीड प्रकार २०२१ च्या मालिकेत काढला व त्यात ७.२ किलोवॉटपर्यंत वीज देणारी व्यवस्था ठेवली. त्याची बॅटरीही अवघी दीड युनिटाची; बाकी सारी मदार एंजिनावर. गाडी बाजारात येऊन थोडे महिने होतात न होतात तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडून विजेची सारी व्यवस्था कोलमडली. ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. ज्यांच्याजवळ ह्या गाड्या होत्या त्यांनी त्यांवर घरातील दिवे, शीतकपाटे व शेगड्यांचे पंखे चालविले. आणि कंपनीने आपल्या विक्रेत्यांस दुकानात उभ्या असलेल्या अशा गाड्या गरजूंस वापरावयास देण्याविषयी सांगितले. आपल्या इकडे ही गाडी विकली जात नाही, पण शेतकऱ्याच्या उपयोगाची हायब्रीड कशी असावी ह्याचा नमुना म्हणून ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात ज्या हायब्रीड गाड्या जास्त खपतात, त्यांत जपानातल्याप्रमाणे दीड हजार वॉटचे प्लग बसविलेले नसतात. नवी गाडी घेणाराने हे विक्रेत्यास आवर्जून विचारावे. मागणी आल्यावाचून कारखानदार देत नाही. (काही विजेच्या गाड्यांत मात्र अशी सोय आली आहे, टाटांची नेक्सॉन विजेची गाडी सुमारे तीन किलोवॉटपर्यंत बाहेर वीज देऊ शकते. तिची बॅटरी हायब्रीडच्या वीसपटीहूनही मोठी असते, परंतु एकदा संपली आणि गावात वीज नसली, तर ती भरावयाची कोठे? हायब्रीडला डबाभर पेट्रोल पुरते.)

प्लग नसताना उरतो तो मार्ग गाडीच्या लहान, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीचा. प्रत्येक हायब्रीड गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज ही एक लहान बॅटरी असते. साध्या गाडीत ती भरण्यास डायनॅमो असतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये तो नसून मोठ्या बॅटरीची वीज उतरवून बारा व्होल्टवर आणणारे एक परिवर्तक यंत्र हे काम करते. ह्या यंत्राची शक्ती बहुतेक गाड्यांत हजार-दीड हजार वॉटच्या आत असते, आणि त्यातील काही भाग गाडीला स्वतःलाच लागतो. म्हणून बाहेर घ्यावयाचा भार पाचशे वॉटच्या आत ठेवावा, हे उत्तम. मोठ्या बॅटरीस व तिच्या नारिंगी रंगाच्या तारांस कोणीही, कितीही हुशार मिस्त्री असला तरी, हात लावता कामा नये. नारिंगी रंग हा मुद्दामच धोक्याचा दिलेला आहे. तेथील वीज माणूस मारण्यास पुरेशी असते.

लहान बॅटरीस जोडावयाचा इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह' जातीचा घ्यावा. स्वस्तातले मिळतात त्यांवर दिवे लागतात, परंतु शीतकपाटाची मोटर तापते व वैद्यकीय यंत्रे बिघडण्याचा संभव असतो. बारा व्होल्टवर पाचशे वॉट घ्यावयाचे म्हणजे तारेतून पंचेचाळीस अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. घरात पंखा जोडावयाची तार येथे जळून जाईल. वेल्डिंगच्या केबलीसारखी जाड तांब्याची केबल, तीही हाता-दीड हाताची, वापरावी व बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज घालावा. लांबी वाढवावयाची ती इन्व्हर्टरच्या पुढच्या, २३० व्होल्टच्या बाजूस. विडी पेटविण्याची जी खोबण गाडीत असते तिच्यावर हे काम लादू नये. ती शंभर-सव्वाशे वॉटपलीकडे सोसत नाही. ही जोडणी एकदा सवडीने, वाहनाच्या विजेची माहिती असलेल्या कारागिराकडून करून घ्यावी, आणि तत्पूर्वी गाडीच्या हमीवर तिचा काय परिणाम होतो ते लेखी विचारून घ्यावे. वादळ सुरू असता विजेरीच्या उजेडात पुस्तिका वाचीत बसण्याची ही वेळ नव्हे.

गाडी कशी ठेवावयाची हेही सांगितले पाहिजे. ती 'रेडी' ही खूण दिसेल अशा चालू स्थितीत हवी. नुसते दिवे लागावेत एवढीच किल्ली फिरविली तर मोठी बॅटरी जोडलीच जात नाही आणि लहान बॅटरी तासाभरात मरून दुसऱ्या दिवशी गाडीच सुरू होत नाही. दांडा 'पी' वर असावा व हातब्रेक ओढलेला असावा. टोयोटाच्या पद्धतीत 'एन्' वर बॅटरी भरत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वातानुकूलन, पुढचे दिवे व रेडिओ बंद.

पाचशे वॉटांत काय बसते? एल्ईडी दिवा नऊ वॉट घेतो, साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर, नव्या बीएल्डीसी जातीचा तीस. दोनशे लिटरांचे शीतकपाट चालत असताना शंभर ते दीडशे वॉट घेते, परंतु सुरू होतेवेळी क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. म्हणून भार लहान असला तरी इन्व्हर्टर हजार वॉटचा असावा. पाच लिटरांचे प्राणवायूचे यंत्र साडेतीनशे वॉटपर्यंत घेते. ते चालू असता शीतकपाट थांबविणे शहाणपणाचे. ज्या घरात रोगी ह्या यंत्रावर आहे त्या घराने एकाच साधनावर कधीही विसंबू नये. भरलेली नळी जवळ असलीच पाहिजे. पाणी तापविण्याचा बंब, इस्त्री, विजेची शेगडी ही हजार-दोन हजार वॉटची मंडळी. त्यांस ह्या पंगतीत जागा नाही.

आणि मोटरपंप? हाच प्रश्न शेतकरी प्रथम विचारील, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. पाच अश्वशक्तीचा पंप पावणेचार किलोवॉट काम करतो, त्यास त्याहून अधिक वीज लागते, तीही तीन फेजची, आणि सुरू होताना तो पाच-सहा पट प्रवाह ओढतो. गाडीच्या लहान बॅटरीवर तो चालविण्याची कल्पनाच सोडून द्यावी. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा सिंगल-फेज पंपदेखील ह्या रीतीने चालावयाचा नाही. पिण्याचे पाणी वादळाची सूचना मिळताच टाकीत चढवून ठेवावे. चार-सहा जनावरांचे दूध असेल तर धारा हातांनी काढाव्या. मोठा गोठा असेल त्याने ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे जनित्र पाहावे. तो निराळा विषय आहे व त्याचे गणितही निराळे आहे.

आता खर्चाचा हिशेब. पाच दिवे संध्याकाळचे सहा तास, दोन पंखे बारा तास, शीतकपाट व भ्रमणध्वनी मिळून एका बेताच्या घरास दिवसाला साडेतीन युनिट पुरतात. परंतु गाडी 'रेडी' स्थितीत उभी आहे एवढ्यासाठीच तिची स्वतःची यंत्रे शेदोनशे वॉट खात असतात. चोवीस तास ठेवली तर घरापेक्षा तीच जास्त जेवावयाची. सारे मिळून चार ते सहा लिटर पेट्रोल दिवसाला लागेल असा आमचा अंदाज आहे व तो वर सांगितलेल्या अमेरिकन अनुभवाशी जुळतो. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर असता एका युनिटास सव्वाशे ते पावणेदोनशे रुपये पडले. ही वीज रोजच्या वापराची नव्हे, हे ह्यावरून उघड होईल. रोज दोन तास भारनियमन होते म्हणून गाडी सुरू करणे हा शुद्ध अपव्यय आहे. तेथे साधा इन्व्हर्टरच बरा, व घरावर सूर्यपट्ट्या असतील तर त्याहून बरे.

गाडीच्या ह्या स्वतःच्या भुकेवर एक उपाय आहे. ती अहोरात्र चालू न ठेवता सकाळी दोन तास व संध्याकाळी तीन तास ठेवावी. तेवढ्यात शीतकपाट चांगले गार करून घ्यावे व मग त्याचे दार उघडू नये. न उघडलेले शीतकपाट चार तास सहज गार राहते, आत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्याहून अधिक. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच तासांत त्याची बॅटरीही थोडी भरून घ्यावी. चार्जर दोनशे-तीनशे वॉट घेतो, तो पाचशेच्या मर्यादेत बसतो. मग रात्री गाडी बंद, आवाज बंद, आणि मुलांच्या डोक्यावर एक पंखा व एक दिवा इन्व्हर्टरवर. पेट्रोल निम्म्यावर येते.

इतके झाले तरी दोन गोष्टी राहिल्या, आणि ज्याला बाकीचे सारे विसरावयाचे असेल त्याने ह्या दोन विसरू नयेत.

पहिली विषारी वायूची. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसास झोपेतच नेतो. टेक्सासातील त्या थंडीत सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली, त्यांत १९ ह्या वायूने. साधे जनित्र घरात चालविण्याचे कोणी मनात आणले तर त्याचा आवाजच त्याला हाकलून देतो. हायब्रीड गाडी येथे अधिक फसवी आहे. ती मुकाट्याने उभी असते. एंजिन बंद आहे असे वाटून कोणी ती पावसापासून वाचविण्यासाठी पडवीत किंवा गोठ्यात घेतो, घरातील माणसे निजतात, आणि अर्ध्या तासाने बॅटरी उतरताच एंजिन आपोआप सुरू होते. तेव्हा गाडी उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून वीस-पंचवीस फूट दूर, धुराची नळी वाऱ्याच्या दिशेने बाहेर करूनच उभी करावी. पाऊस असला तर इन्व्हर्टर झाकावा. गाडी भिजली तर काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट परक्या माणसाच्या जिवाची. गाडीतील वीज घरात घेण्याची सर्वांत सोपी म्हणून कित्येक जण एक युक्ती करतात. दोन्ही टोकांस प्लगाच्या पिना असलेली तार करावयाची, एक टोक इन्व्हर्टरमध्ये व दुसरे भिंतीतल्या खोबणीत घालावयाचे, की साऱ्या घरात वीज खेळते. खेळते ती घरापुरतीच राहत नाही. मेन स्विच उघडावयाचा राहिला तर ती मीटरमधून बाहेर खांबावर जाते, तेथून डीपीवर. तेथले रोहित्र ११,००० व्होल्टचे उतरवून आपल्यास देते. उलट बाजूने २३० व्होल्ट आले तर ते तितकेच निमूटपणे चढवून पुन्हा ११,००० करते. लहान इन्व्हर्टर बहुधा ह्या भाराने लगेच बंद पडेल, परंतु तुटलेल्या तारेचा लहानसा तुकडाच त्याच्या वाट्यास आला असेल तर तो बंद पडणारही नाही. चार मैलांवर खांबावर चढलेला महावितरणचा वायरमन लाइन मृत आहे असे समजून तारेस हात घालतो. तो आपलाच वीजपुरवठा जोडावयास आलेला असतो.

म्हणून दोनच रीती योग्य. एक, घरच्या तारांशी संबंधच न ठेवता इन्व्हर्टरपासून स्वतंत्र वायर ओढून शीतकपाट, पंखा व दिवे तिच्यावर लावणे. दिसावयास गैरसोयीची, परंतु बहुतेक घरांस पुरेशी व निर्धोक. दुसरी, परवानाधारक वीज-कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. त्याचा दांडा एका बाजूस असला की घर महावितरणवर, दुसऱ्या बाजूस असला की गाडीवर, आणि दोन्ही एकदम जोडली जाणे शक्यच नाही. अर्थिंगची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी, कारण स्वतंत्र इन्व्हर्टरवर घरचे ईएल्सीबी नेहमीप्रमाणे काम करीलच असे नाही.

केवळ ह्या उपयोगासाठी हायब्रीड गाडी घ्यावी काय? आमच्या मते नाही. ती घ्यावयाची तर रस्त्यावरच्या पेट्रोलच्या बचतीसाठी घ्यावी. घरची वीज हा तिचा जोडधंदा समजावा. ज्याला फक्त आणीबाणीची वीज हवी त्याला जादा बॅटरी, दोन सूर्यपट्ट्या व गावात सामाईक एक जनित्र एवढे कितीतरी कमी पैशांत मिळते. ज्याच्याकडे गाडी आहेच, त्याचा मात्र चांगला इन्व्हर्टर, केबल, फ्यूज व जोडणी इतकाच अधिक खर्च, आणि किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत तो करण्यासारखा आहे.

तयारी मृगापूर्वी करावी. मे महिन्यातील एखाद्या रविवारी मेन स्विच खाली ओढून दोन तास घर गाडीवर चालवून पाहावे. कोणती केबल तापते, शीतकपाट सुरू होताना इन्व्हर्टर रडतो की काय, एंजिन किती वेळाने लागते, हे तेव्हाच कळते. वादळाची सूचना आली की टाकी पुरी भरून घ्यावी, कारण नंतर पंपावर वीज नसते, किंवा वीज असली तर रांग असते. डब्यात पेट्रोल साठवावयाचे ते थोडे, धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि स्वयंपाकघरापासून दूर. वीज परत आली म्हणजे प्रथम गाडीकडील भार काढावा, मग इन्व्हर्टर बंद करावा, मग चेंजओव्हरचा दांडा फिरवावा, व अखेरीस गाडी बंद करून लहान बॅटरीवरील केबल सोडवून ठेवावी.